डाग की गोंदण?

22 सप्टेंबर 2023 ला नागपुरात घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या. माझ्या आत्याचं घर अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. महालक्ष्म्या बसवायला भिंत मोकळी हवी, म्हणून तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, फ्रेममधला फोटो खिळ्यावरून उतरवून दिवाणाखाली सरकवला होता. सण उरकला की परत टांगायचा. त्या रात्री काही तासांत 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली. उजाडायच्या आत घरात कमरेएवढं पाणी झालं. माणसं महालक्ष्म्यांचे मुखवटे पोटाशी धरून वरच्या मजल्यावर गेली. फोटो दिवाणाखालीच राहिला.

 इथे मी फक्त या एका फोटोची गोष्ट सांगणार आहे. जुना फोटो संगणकावर दुरुस्त करताना जे प्रश्न पडतात, ते बहुतेक सगळे त्यात एकत्र आले होते. आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आम्ही चुकलो होतो.

फोटो 1938 च्या सुमाराचा, सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत काढलेला. आजी खुर्चीवर बसलेली, डोक्यावरून पदर, मागे रंगवलेला पडदा. असा फोटो म्हणजे तीन थरांची पोळी. खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र लेप, आणि सगळ्यात वर जिलेटिन. हे जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेलं, जेलीत असतं तेच. त्यात चांदीचे अतिशय बारीक कण अडकलेले असतात. जिथे कण दाट तिथे काळं, जिथे विरळ तिथे करडं, जिथे नाहीत तिथे खालचा पांढरा लेप दिसतो. आजीचा चेहरा म्हणजे एवढंच: मिठाच्या दाण्याहून कितीतरी बारीक चांदी, जेलीच्या एका पातळ पापुद्र्यात.

पाण्यात जिलेटिन फुगतं आणि चिकट होतं. फ्रेमची काच फोटोला टेकलेली असली की ओला चेहरा काचेला धरतो, आणि वाळताना तो तिथेच पक्का बसतो. तिसऱ्या दिवशी घरातल्याच कुणीतरी चांगल्या हेतूने, फोटो सुकावा म्हणून, तो काचेवरून ओढून काढला. बहुतेक भाग सुटला. आपल्या डाव्या हाताकडचा डोळा मात्र सुटला नाही. तिथे नुसता पांढरा खळगा उरला.

तेव्हा ज्यांच्याकडे असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी आधी हे सांगतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट तसाच ठेवा, काचेतूनच त्याची प्रत घेता येते. फोटो सुटे असतील आणि चिखल लागला असेल तर थंड, स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने खळबळा आणि चेहऱ्याच्या बाजूला बोटही न लावता, चित्र वर ठेवून, टिपकागदावर किंवा सुती कापडावर सावलीत पसरा. ऊन नको, इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. ओल्या फोटोंवर दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. गठ्ठा मोठा असेल आणि तेवढा वेळ नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बंद करून ते फ्रीझरमध्ये ठेवावेत. मग सवडीने थोडे थोडे काढून सुकवता येतात.

पुराला दोष देताना आपल्या घरच्या भिंतींकडेही बघायला हवं. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक असते. त्या हवेत जिलेटिन आकसतं. संध्याकाळी कूलर लावला की खोलीत ओल भरते आणि तेच जिलेटिन फुगतं. कागद वेगळ्या मापाने फुगतो, जिलेटिन वेगळ्या. वर्षानुवर्षं, रोजच्या रोज हे चाललं की पृष्ठभागाला बारीक तडे जातात. कितीतरी घरांत आजी-आजोबांचे फोटो नेमके कूलरच्या झोतासमोरच्या भिंतीवर असतात. आमच्याही फोटोला पुराआधीच भेगांचं जाळं पडलेलं होतं. काळ्या पदरावर निळसर आरशासारखी झाक आली होती. चांदी हळूहळू पृष्ठभागावर येऊन तिथे तिचा पातळ पत्रा जमतो, त्याची ती झाक.

आम्हा सहा-सात जणांना जुने फोटो दुरुस्त करण्याचा छंद आहे. पोट भरण्याचे धंदे वेगळे. एक जण हिंगण्याच्या कारखान्यात आहे, एक अकोल्याचे निवृत्त चित्रकला शिक्षक, एक पुण्यातल्या दातांच्या डॉक्टर, एक न्यू जर्सीत बँकेच्या संगणकांचं काम बघतो. कुणाच्या घरचा फोटो आला की सगळे त्याच्यावर बसतात, पैशाचा प्रश्न येत नाही. अशी माणसं जगभर आहेत. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये चिखलातून लाखो कौटुंबिक फोटो निघाले. न्यूयॉर्कमध्ये फॅशनच्या फोटोंवर रिटचिंग करणाऱ्या बेकी मॅन्सन मदतकार्यासाठी ओफुनातोला गेल्या होत्या. तिथे स्वयंसेवकांच्या हातांनी ते फोटो धुतले गेले, आणि फाटलेल्यांची दुरुस्ती करायला त्यांनी देशोदेशीच्या आपल्या व्यवसायबंधूंना हाक दिली. घर गेलं, गाडी गेली, तरी लोक विचारायला येत ते अल्बमबद्दल. आत्याने पुरात फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन सगळं गमावलं. तिने मला फोन केला तो फोटोसाठी.

दुरुस्तीची सुरुवात चांगली प्रत काढण्यापासून होते. फोटो पांढरा-काळा असला तरी स्कॅन रंगीत करायचा, कारण डागांना रंग असतो आणि तोच आपल्या कामी येतो. इंचाला 1200 ठिपके या हिशेबाने 4 बाय 6 इंचांच्या फोटोचे जवळपास साडेतीन कोटी ठिपके होतात. फाइल 200 एमबीच्या आसपास जाते, आणि ती टिफ म्हणूनच जपायची. जेपीजी दर वेळी जतन करताना थोडं थोडं गमावतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर तो दाबून लहान होतो, म्हणून आमच्यात नेहमी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचं असा दंडक आहे.

हिंगण्याच्या मित्राने इथेच एक युक्ती सांगितली. साध्या स्कॅनरचा दिवा एका बाजूने तिरपा पडतो, त्यामुळे प्रत्येक सुरकुतीला सावली येते. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे डोकं खाली करून, असा दोनदा स्कॅन करायचा. मग संगणकात दुसरी प्रत फिरवून पहिलीवर अचूक बसवायची आणि दोघींची सरासरी काढायची. एकीत सावली डावीकडे, दुसरीत उजवीकडे, त्यामुळे दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. आजीच्या गालावरच्या भेगा नुसत्या एवढ्यानेच निम्म्याने पुसट झाल्या. तोवर आम्ही एकही ठिपका हाताने रंगवलेला नव्हता.

पुढची किमया रंगांची. संगणकातलं रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पांढऱ्या-काळ्या चित्रांचं बनलेलं असतं. पुराच्या पाण्याने फोटोवर चहासारखा पिवळट तपकिरी ओघळ पडला होता, कपाळापासून थेट हनुवटीपर्यंत. पिवळा डाग निळा प्रकाश खातो, तांबडा जाऊ देतो. त्यामुळे निळ्या चित्रात तो ओघळ काळाकुट्ट दिसत होता आणि लाल चित्रात जवळजवळ नव्हताच. आम्ही लाल चित्र पाया म्हणून घेतलं. डाग पुसावा लागला नाही, तो ज्यात दिसत नव्हता ते चित्र निवडलं. या कामात मला सर्वांत आनंद देणारी पायरी हीच. आजीच्या चेहऱ्याला हात न लावता तो धुतल्यासारखा समोर आला.

मग हातकाम. फोटोशॉप असो की फुकट मिळणारं गिम्प, दोन हत्यारं मुख्य. एक शिक्का: चांगल्या जागेचा तुकडा उचलून जसाच्या तसा खराब जागी उठवणारा. दुसरं हीलिंग ब्रश: पोत चांगल्या जागेचा घेतो, पण उजळपणा आजूबाजूचा धरतो, म्हणून गालासारख्या सपाट जागी त्याचं ठिगळ दिसत नाही. कडांपाशी मात्र तो काळं-पांढरं कालवून ठेवतो, तिथे शिक्काच बरा. सगळं वेगळ्या थरावर करायचं, मूळ थराला कधी हात लावायचा नाही. का, ते पुढे येईलच.

कामं वाटून घेतली. मागचा पडदा हिंगण्याच्या मित्राकडे. पदराचा काठ न्यू जर्सीकडे. आजी करवतकाठी नेसली होती, आपल्या भंडारा-नागपूर भागातलं टसरचं लुगडं. त्याच्या काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. खांद्यावरचा वीतभर काठ पार विरघळला होता, पण मांडीवरचा शाबूत होता. दात एकसारखे येतात, तेव्हा चांगल्या जागचे उचलून वर लावणं सोपं वाटतं. पण कापडाला घडी असते. घडीच्या तोंडाशी दात अरुंद होतात, वळणावर तिरके होतात. त्याने प्रत्येक दात वेगळा उचलून वेगळा वाकवून बसवला. तीन आठवडे लागले. पाहणाऱ्याला त्यातलं काही कळणार नाही, आणि त्याला तेच हवं होतं.

डोळा माझ्याकडे होता. मी जे केलं ते नवशिका करतो तेच: चांगला डोळा उचलला, आरशासारखा उलटा केला आणि खळग्यात बसवला. पाच मिनिटांचं काम. आजी बघू लागली, पण परकी वाटली. काय बिघडलंय ते मला उमगेना. अकोल्याच्या सरांनी फाइल उघडली आणि विचारलं, "अहो, खिडकी कुठे आहे?"

त्या काळी स्टुडिओत एका बाजूने उजेड घेत. उत्तरेची मोठी खिडकी किंवा काचेचं छप्पर असे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. त्या खिडकीचं इवलंसं प्रतिबिंब बुबुळात चमकतं. चांगल्या डोळ्यात ते उजवीकडे वर होतं. मी डोळा उलटवल्यावर दुसऱ्यात ते डावीकडे वर गेलं. म्हणजे माझ्या आजीपुढे दोन दिशांना दोन खिडक्या झाल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्या रोज पाहतात. जबडा, गाल, पापणीची उंची, सगळ्यात थोडा फरक असतो आणि ओळख त्या फरकातच असते.

मग सरांनी दुसरा प्रश्न विचारला. काच कुठे आहे?

फोटोच्या चिंतेत काचेचा विचार मी केलाच नव्हता. आत्याला फोन केला. तिने फ्रेमची काच वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवली होती, कारण, तिच्या शब्दांत, "तिच्यावर मायचं काहीतरी दिसते, म्हणून फेकली नाही." काचेला चिकटलेला पापुद्रा म्हणजे आजीचा डोळाच होता. काच स्कॅनरवर तशीच ठेवली, बाहेरची बाजू खाली. काचेच्या जाडीमुळे चित्र स्कॅनरच्या पृष्ठभागापासून जरा वर राहतं. स्वस्त, चपट्या स्कॅनरवर ते धूसर येतं. सीसीडी जातीच्या जुन्या, जाड स्कॅनरला तेवढी खोली झेपते. असा एक जुना डबा धरमपेठेतल्या स्नेह्याकडे निघाला. खालची पापणी, बुबुळाचा अर्ध्याहून अधिक भाग आणि खिडकीची ती चमक मिळाली, उजवीकडे वर, जिथे असायला हवी तिथेच. वरच्या पापणीचा तुकडा तेवढा मला भरावा लागला.

आता चुकीबद्दल.

डोळा बसला, काठ बसला, सगळे खूश झाले. मी छापून आत्याकडे नेला. तिचं वय तेव्हा 84. तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बाबू, छान केलं रे. पन माह्या मायचं गोंदन कुठी गेलं?"

आजीच्या कपाळावर कुंकवाच्या वर पाच ठिपक्यांचं गोंदण होतं आणि हनुवटीवर एक ठिपका. मूळ स्कॅन पुन्हा उघडला. होते. पुसट, करडे, पुराच्या शिंतोड्यांत मिसळलेले. आमच्यातल्या कुणीतरी हीलिंग ब्रश फिरवताना ते डाग म्हणून पुसले होते. कुणी, हे आम्ही शोधलं नाही. मीही ती जागा दहा वेळा पाहिली होती आणि मला काही दिसलं नव्हतं.

गोंदण इतकं पुसट का आणि कुंकू मात्र ठसठशीत काळं का, याचं उत्तर त्या काळी कॅमेऱ्यात वापरत त्या काचेच्या प्लेटांत आहे. आरंभीच्या प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाने उमटत. 1873 मध्ये हेर्मान फोगल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्लेटेत रंगद्रव्य मिसळलं की ती हिरव्यालाही जागी होते हे दाखवलं. अशा प्लेटांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. तांबड्याला त्या आंधळ्याच राहिल्या. तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा 1906 पासून बाजारात मिळू लागल्या, पण जुन्या जातीच्या त्यानंतरही कितीतरी वर्षं स्टुडिओंत वापरात होत्या. तांबड्या दिव्यात डोळ्यांदेखत धुता येत, ही त्यांची सोय होती. अशा प्लेटेवर तांबडं कुंकू काळं येतं. सावळी कातडीही असते त्याहून काळपट येते. आणि गोंदणाचा निळसर हिरवा रंग उजळ होतो. कातडी खाली उतरते, गोंदण वर चढतं, आणि दोन्ही जवळजवळ एका छटेला येऊन भेटतात.

न्यूझीलंडमध्ये हे फार ठळकपणे घडलं. तिथल्या माओरींच्या चेहऱ्यावर ता मोको नावाचं गोंदण असतं. एकोणिसाव्या शतकातल्या कलोडियनच्या ओल्या प्लेटांवर ते बऱ्याचदा उमटतच नसे. मायकेल ब्रॅडली या छायाचित्रकाराने आजच्या माओरी स्त्री-पुरुषांचे तसल्याच ओल्या प्लेटेवर आणि डिजिटल कॅमेऱ्यावर असे दोन्ही फोटो काढून शेजारी शेजारी लावले. एकात चेहराभर नक्षी, दुसऱ्यात कोरा चेहरा. माणूस तोच. ती जोडचित्रं पाहिल्यापासून मी जुन्या फोटोतल्या कोणत्याही कोऱ्या कपाळावर चटकन विश्वास ठेवत नाही. लुगड्याच्या काळ्या रंगावरही ठेवत नाही. ते लालभडक असू शकतं. म्हणूनच आम्ही आजीच्या फोटोत रंग भरले नाहीत. न्यू जर्सीच्या मित्राची तशी फार इच्छा होती.

पुसलेलं गोंदण परत आलं, कारण मूळ थर शाबूत होता. आम्ही वरच्या थराला त्या जागी भोक पाडलं आणि खालचं दिसू दिलं. मग तेवढ्याच भागाचा काळ्या-पांढऱ्यातला फरक किंचित वाढवला. ठिपके नव्याने रंगवले नाहीत. शिंतोडा कोणता आणि ठिपका कोणता हे आत्याने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. ती सांगे आणि मी तेवढाच राखून बाकीचं पुसे. एका जागी ती थांबली आणि म्हणाली, हा नाही, हा पुसून टाक. मला दोन्ही सारखेच दिसत होते.

याच सुमाराला मी तो फोटो चेहरे सुधारणाऱ्या एआयला देऊन पाहिला. जीएफपीगॅन हे 2021 मधलं, टेन्सेंटच्या संशोधकांनी केलेलं साधन पुष्कळ जण वापरतात. ते फ्लिकरवरून जमवलेल्या 70,000 चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. काही क्षणांत झळझळीत चेहरा आला. पापण्या मोजता येतील इतका स्पष्ट. पण तो कुणाचा तरी चेहरा होता, आजीचा नव्हता. गोंदण नाही, नाकपुडीवरच्या चमकीचं सावलीत रूपांतर झालेलं, ओठ भरलेले. त्या यंत्राला जिथे काही दिसत नाही तिथे ते आपल्या सत्तर हजारांच्या आठवणीतून भरतं. मी त्याला वाईट म्हणत नाही. मागचा पडदा, खुर्चीचा हात, असल्या गोष्टींत मी अशी मदत आनंदाने घेतो. चेहऱ्यात घेत नाही.

चेहऱ्यात काही घालण्याचा मोह कुठवर जातो ते 2021 मध्ये दिसलं. आयर्लंडमधल्या एका कलाकाराने कंबोडियाच्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो रंगवले. ख्मेर रूजने माणसांना मारण्याआधी काढलेले ते फोटो. प्रसिद्ध झालेल्या चित्रांत काही कैदी हसत होते, मूळ फोटोंत ते हसत नव्हते. कंबोडिया सरकारने आणि मृतांच्या नातेवाइकांनी हरकत घेतली आणि तो मजकूर काढून टाकावा लागला. तोंडाचे कोपरे मिलिमीटरभर वर उचलले की झालं, इतकं ते सोपं असतं, आणि मला त्याची भीती वाटते ती त्यामुळेच.

जुन्या स्टुडिओवालेही चेहऱ्याला हात लावत, हे खरं आहे. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने बारीक ठिपके देऊन सुरकुत्या आणि देवीचे व्रण झाकणारे कसबी कारागीर असत. आजीच्या गालाच्या सफाईत तशी पेन्सिल फिरलेली असेल. पण तो हात त्या काळचा, त्या स्टुडिओतला. तोही आता फोटोचाच भाग आहे. आम्ही तो काढायला गेलो नाही. फोटोमागच्या पुठ्ठ्याचा कोपरा जिथे गळून पडला होता, तिथेही काही भरलं नाही.

नवी छापील प्रत आता आत्याकडे आतल्या भिंतीवर आहे, कूलरच्या झोतापासून दूर. फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घातली आहे, म्हणजे काच चेहऱ्याला टेकणार नाही. मूळ फोटो एका कागदी पाकिटात, त्याच्या डोळ्याची काच दुसऱ्या पाकिटात, आणि दोन्ही वरच्या माळ्याजवळच्या कपाटात, सगळ्यात वरच्या खणात. पाकिटावर शाईने लिहीत नाहीत, ती पाझरते. आत्याने सांगितलं तसं मी पेन्सिलने लिहिलं: कपाळावर पाच, हनुवटीवर एक. डाग नाहीत.